पाळणाघर उघडलं तो दिवस

आई गारमेंटला लागली तेव्हा माझा भाऊ सदा रांगत होता. 'गारमेंटला लागणं' हा आमच्या भागातला सगळ्यांचा शब्द होता. फॅक्टरीचं नाव कुणी घेत नसे. होसूर रोडच्या आतल्या बाजूला, आज जिथं उंच पुलावरून गाड्या इलेक्ट्रॉनिक सिटीकडे धावत असतात, त्या पुलाच्या जागी तेव्हा धुळीचा रस्ता होता आणि त्या रस्त्यानं रोज सकाळी बायकांचा लोंढा चालत जायचा. केसांत अबोलीचा नाहीतर मोगऱ्याचा गजरा, हातात डबा, पायांत झिजलेल्या चपला. आम्ही राहत होतो ते वठार. एका ओळीत खोल्या, समोर एक नळ, टोकाला सगळ्यांना मिळून एक संडास, अशा चाळीला बेंगळुरात वठार म्हणतात. आमची खोली मधली होती. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या भांडणांचे, रेडिओचे आणि खोकल्याचे आवाज आमच्याकडे येत. भिंतीला खिडकी नव्हती. दार उघडं ठेवलं की उजेड, लावलं की अंधार.

आम्ही मूळचे खानापूरच्या पुढचे, जंगलाच्या कडेच्या गावातले. बाबा गवंडी. शहराच्या कडेला तेव्हा नुकती मोठी बांधकामं सुरू झाली होती, तिथं ते कामावर असत आणि काम घाईचं असलं की आठवडाभर साइटवरच पत्र्याच्या शेडमध्ये झोपत. त्यांच्या एकट्याच्या मजुरीवर चौघांचं पोट बेंगळुरात भरत नव्हतं, इतकंच आईच्या नोकरीचं कारण. घरात मराठी, नळावर कन्नड, असं आमचं चाले. आईची मराठी बेळगावकडची. आमच्याकडच्या बायका "मी जाते" म्हणत नाहीत, "मी जातो" म्हणतात. माझा जावई पुण्याचा आहे, तो अजून माझ्या तोंडून असं काही निसटलं की गालात हसतो. मला मात्र आई आठवली की तिचं तेच वाक्य आठवतं. दारात उभी राहून, पदर कमरेला खोचत, मागं न बघता म्हणायची, "मी जातो गं सुमे."

सकाळ स्टोच्या फरफराटानं सुरू व्हायची. रॉकेलचा वास, त्यावर फोडणीचा वास. गावी आई भाकरीशिवाय दुसरं काही करत नसे, पण इथं भाकरी थापायला वेळ नव्हता. रात्रीचा भात हळद-मिरची-शेंगदाण्यांच्या फोडणीत परतायचा, वर लिंबू पिळायचं, की चित्रान्न तयार. तेच तिच्या डब्यात, तेच माझ्या डब्यात, तेच मऊ कालवून सदाच्या तोंडात. शेंगदाणे ती आधी वेचून माझ्याकडे द्यायची, सदाच्या घशात अडकतील म्हणून. तिचं एकीकडे भरवणं आणि दुसरीकडे वेणी घालणं चाले, तोवर फॅक्टरीचा पहिला भोंगा व्हायचा. दुसऱ्या भोंग्याला फाटक बंद होई.

सदाला ठेवायचं कुठं, हा प्रश्न आला तेव्हा वठारातल्या सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, गौरक्का. पहिल्या खोलीत राहणारी, म्हातारपणाकडे झुकलेली विधवा बाई. ती गारमेंटच्या बायकांची पोरं सांभाळायची. तिच्या त्या एका खोलीत, आमच्याइतक्याच खोलीत, दहा-बारा पोरं असायची. मी दुपारी शाळेतून आले की सदाला घ्यायला जायची. पोरं चटईवर ओळीनं झोपलेली दिसायची. एकही रडत नसे. आई बायकांना कौतुकानं सांगायची, "गौरक्काच्या हाताला गुण हाय. पोर कसं गप राहतंय." मी सदाला उचलायची तेव्हा तो पाण्यानं भिजलेल्या घोंगडीसारखा जड लागायचा. खांद्यावर मान टाकून तसाच झोपायचा. संध्याकाळी आई आली तरी डोळे अर्धे मिटलेले. ती त्याला मांडीवर घेऊन हाका मारायची आणि तो लांबून कुठूनतरी तिच्याकडे बघायचा.

एका शनिवारी आईला लवकर सोडलं. ती परस्पर गौरक्काकडे गेली. सदा उठेना. तिनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं, गालावर चापट्या मारल्या, तेव्हा कुठं तो कण्हला. त्याच्या ओठांना गोडसर वास येत होता. आईनं बोट फिरवून जिभेला लावलं आणि तिथंच खाली बसली. खोकल्याचं औषध. पुढं मी नर्स झाले तेव्हा त्या औषधानं झोप का येते आणि त्याचा डोस चुकला तर लहान मुलाचा श्वास कसा मंदावतो, ते शिकले. तेव्हा मला फक्त आईचा चेहरा कळत होता.

"पोराला मारतीस काय गं?" आई किंचाळली. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये.

गौरक्का घाबरली नाही, की चिडलीही नाही. ती दाराशी तांदूळ निवडत बसली होती. सूप बाजूला ठेवून कन्नडमध्ये सावकाश म्हणाली, "जागी राहिली तर ही पोरं कुठं जातात माहिती आहे? रस्त्यावर. मागच्या पावसात एक टँकरखाली गेलं. शांताचं. मी एकटी, मला दोन हात. पोर झोपलेलं बरं की मेलेलं बरं, तू सांग. तू सांगशील तसं करते."

सदाला उचलून ती घरी आली आणि दार लावून घेतलं. अंधारात ती त्याला छातीशी धरून पुढं-मागं डुलत राहिली. मला अनेक वर्षं गौरक्काचा राग होता. आता तो उरलेला नाही. एवढ्या पोरांना सांभाळायचं म्हणजे काय, हे मी बालरुग्णांच्या वॉर्डात बघितलं आहे, आणि तिथं आम्ही चौघी-पाचजणी असायचो.

माझी मुलगी आता बेळ्ळंदूरला नोकरी करते. तिचा मुलगा ज्या डे-केअरमध्ये जातो तिथं भिंतींवर ससे रंगवले आहेत आणि कॅमेरे लावले आहेत. ती ऑफिसात बसून फोनवर त्याला जेवताना बघते. तिच्या घरी स्वयंपाकाला यल्लम्मा येते, रायचूरकडची. तिची चार वर्षांची पोरगी सोसायटीच्या फाटकाबाहेर सुपारीच्या झाडाखाली बसून असते, कारण कामवाल्यांची मुलं आत आणायची नाहीत असा नियम आहे. मी विचारलं तर यल्लम्मा म्हणाली, "वॉचमनचं लक्ष असतं, अम्मा." मी मुलीला सांगितलं, मुलीनं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, दोघातिघांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. पोरगी अजून झाडाखालीच आहे.

तर त्या शनिवारनंतर माझी शाळा सुटली. कुणी तसं बोललं नाही. सोमवारी सकाळी आईनं माझा डबा भरलाच नाही, आणि दारात उभी राहून नेहमीचं वाक्य म्हणण्याऐवजी म्हणाली, "दोन-चार दिवस बघ गं बाळाला. कायतरी करूया." मी चौथीत होते. दोन-चार दिवसांचे महिने झाले. सदाला कडेवर घेऊन मी नळावर, दुकानात, शाळेच्या भिंतीपर्यंत जायची. भिंतीपलीकडून पाढे ऐकू यायचे, त्या सुरात मी सदाला झोपवायची. औषध बंद झाल्यावर तो पहिल्यांदा नीट जागा झाला, आणि कळलं की तो भलताच बडबड्या आहे. मला तो 'अक्का' म्हणायला शिकला, मग वठारातली सगळी पोरं मला अक्काच म्हणू लागली. दुपारी पत्रा तापला की खोलीत बसवत नसे. आम्ही वठाराच्या भिंतीच्या सावलीत बसायचो आणि तो माझ्या बांगड्या काढ-घाल करत राहायचा.

बाबा त्या दिवसांत घरी आले की एकच विषय काढायचे. "दादाकडं सोडूया त्याला. गावात मोकळी हवा हाय, दूध हाय. वैनी बघंल." दादा म्हणजे आईचा थोरला भाऊ, माझा मामा. मामीला स्वतःची तीन पोरं होती, पण तिनंच निरोप पाठवला होता की तिघांत चौथं वाढायला वेळ लागत नाही.

आई ऐकून घ्यायची. मग ताटातला भात बोटानं एका कडेला सारत म्हणायची, "माझं पोर माझ्या डोळ्यांसमोर वाढंल. आणि सुमीची शाळा पण बुडायची न्हाई. थांबा थोडं."

ती कशासाठी थांबली होती, ते मला एके संध्याकाळी कळलं. आई जवळजवळ पळतच घरी आली. गजरा सुकलेला, पण चेहरा असा की मी घाबरलेच. म्हणाली, "सुमे, फॅक्टरीत पाळणाघर सुरू होतंय. उद्यापासनं. सहा वर्षांखालची पोरं घेऊन या म्हटलाय नागराज." नागराज तिच्या लाईनीचा सुपरवायझर. फॅक्टरीच्या तळमजल्यावर कुलूप लावलेली एक खोली होती, तिच्यावर कन्नडमध्ये 'शिशुविहार' असं लिहिलेलं होतं, हे बायकांना माहीत होतं. त्या खोलीत आजवर कापडाचे तागे ठेवलेले असायचे. "तागे काढले. रंग दिला. म्या बघितलो," आई सांगत होती. त्या रात्री तिनं शेवयांची खीर केली. सदाचा एकुलता चांगला सदरा धुऊन दोरीवर टाकला, आणि वाळला का म्हणून दोनदा हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी सदा माझ्याशिवाय राहायचा नाही म्हणून आईनं मलाही नेलं. वॉचमनला सांगितलं, "पोरगी हाय, बसंल कोपऱ्यात." त्यानं मान डोलावली. ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. ओल्या रंगाचा वास. भिंतीला खिडक्या, आणि खिडक्यांतून खरं ऊन. खाली मऊ गाद्या, चार पाळणे, प्लॅस्टिकचा हत्ती, रंगीत चेंडू, लाकडी घोडा. नवी साडी नेसलेली एक आया होती, तिलाही त्याच सकाळी आणलेलं असावं, कारण बशा कुठं आहेत हे तिला माहीत नव्हतं. वीस-पंचवीस पोरं. प्रत्येकाला दूध आणि उकडलेलं अंडं. सदानं अंडं हातात धरून आधी खूप वेळ बघितलं, मग एका दमात सगळं तोंडात कोंबलं आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला. आयानं दिलं.

वरून मशीनींचा आवाज येत होता, सारखा, पावसासारखा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पोरांच्या आई खाली आल्या. आई दारात उभी राहिली आणि सदा घोड्यावरून उतरून तिच्याकडे धावला. कामाच्या दिवशी, भर उजेडात, आई त्याला मांडीवर घेऊन भरवते आहे, हे मी पहिल्यांदाच बघत होते. ती घास घालायची आणि मधेच त्याच्या केसांचा वास घ्यायची. शेजारी बसलेली एक बाई दूध पाजता पाजता रडत होती. कुणी तिला का म्हणून विचारलं नाही.

जेवणानंतर पाहुणे आले, फॅक्टरीचे कपडे विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं. दोन गोऱ्या बायका, एक गोरा माणूस, बरोबर फॅक्टरीचे साहेब लोक. त्यांच्यातली एक बाई गादीवर मांडी घालून बसली. तिनं सदाला उचललं, त्यानं तिच्या चष्म्याला हात घातला, सगळे हसले. फोटो निघाले. तिनं आयाला काहीतरी विचारलं, साहेबानंच उत्तर दिलं. ती बाई चांगली होती असंच मला वाटलं आणि अजूनही वाटतं. तिला जे दाखवलं ते तिनं बघितलं.

पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या आणि नागराज दोन हेल्पर घेऊन आत आला. ते काही ओरडले-बिरडले नाहीत. त्यांनी हत्ती उचलला, पुसला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. मग चेंडू. घोड्यावर एक पोरगी बसली होती, तिला अलगद उचलून खाली ठेवलं आणि घोडा नेला. ती ओठ काढून बघत राहिली. मग एकाचं बघून एक, सगळी पोरं रडायला लागली. आया साडीच्या पदराशी चाळा करत भिंतीला टेकून उभी होती.

घरी जाताना मी आईला सांगितलं, "आई, त्यांनी खेळणी पिशवीत भरली."

"रोज पुसून ठेवत असतील," आई म्हणाली. "उद्या परत काढायची तर सांभाळून ठेवायला नको?"

दुसऱ्या सकाळी तिनं सदाला तोच सदरा घातला. मलाही वेणी घालून दिली, सोमवारपासून शाळेत जायचं म्हणाली. फाटकाशी पोचलो तर सात-आठ बायका कडेवर पोरं घेऊन उभ्या होत्या. वॉचमन दिंडीदरवाज्यात आडवा हात धरून सांगत होता, "इवत्तु इल्ला. आज नाही." उद्या का, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "नाळे नोडोणा." उद्या बघू.

पहिला भोंगा झाला. नागराज बाहेर आला.

"अक्का, तुम्ही तर शहाण्या," तो आईला म्हणाला, कन्नडमध्येच, आवाज न चढवता. "काल पाहुणे होते म्हणून उघडलं. स्वल्प समजून घ्या. पोरं घरी पाठवा आणि कामावर चला."

"काल ज्या खोलीत माझं पोर खेळलं ती खोली रातोरात कुठं गेली?" आईनं विचारलं. "तिथंच हाय न्हवं? मग उघडा."

"वरून सांगितलं तर उघडू."

"मग वर कोण हाय त्याला बोलवा. आम्ही इथंच थांबतो."

आईला असं कुणाशी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बाकीच्या बायका तिच्या जवळ सरकल्या. क्षणभर मला वाटलं की आता दार उघडेल. नागराज घड्याळाकडे बघत म्हणाला, "सरी, ठीक आहे. थांबा. आत मशीन रिकामी दिसली की तिथं दुसरी बसेल. बाहेर रोज पंचवीसजणी काम मागायला येतात." आणि तो आत गेला.

मग कडेच्या एकीनं आपलं पोर म्हाताऱ्या सासूच्या हातात दिलं आणि खाली मान घालून दिंडीतून आत गेली. मग दुसरी. एकीबरोबर कुणीच नव्हतं, ती पोर घेऊन वठाराकडे पळत सुटली, गौरक्काकडे. शेवटी आई एकटी उरली. दुसरा भोंगा झाला. वॉचमननं दिंडी लावली नाही. म्हातारा माणूस होता, दार हातानं धरून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बेगा बा, अक्का." लवकर ये.

आईनं सदाचे हात आपल्या गळ्यातून सोडवले. त्यानं पुन्हा घातले, तिनं पुन्हा सोडवले. त्याला माझ्याकडे दिलं आणि ती आत गेली. त्या दिवशी ती "मी जातो" म्हणाली नाही.

तिला मशीनवरून काढून दोरे कापायला लावलं. उभ्यानं करायचं काम, पगार कमी. त्याबद्दल ती घरी बोलली नाही, आम्हाला दुसरीकडून कळलं. पण रविवारी बाबा आले तेव्हा त्यांनी विषय काढायच्या आतच ती म्हणाली, "दादाला कळवा. न्हेऊन सोडूया."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "घाई न्हाई," ते म्हणाले.

"सुमी तरी शिकू दे," आई म्हणाली. "एकाचं तरी होऊ दे."

आम्ही रात्रीच्या गाडीनं गेलो. मामाच्या अंगणात नुकतं जन्मलेलं एक वासरू बांधलं होतं. सदानं असलं काही कधी बघितलंच नव्हतं. तो त्याच्या कानांशी खेळण्यात दंग असताना आई मागच्या दारानं निघाली. मामीनं तिला मिठी मारली, म्हणाली, "वन्सं, माझ्या लेकरांच्या आधी त्याला घास घालीन." आणि तिनं घातला, यात शंका नाही. सदा तिथं गुटगुटीत झाला, नदीत पोहायला शिकला, मामीच्या पदराला धरून देवळात गेला. मामी वाईट असती तर बरं झालं असतं, असं आई मला आयुष्यात एकदा म्हणाली. परत आणायला कारण मिळालं असतं.

माझी शाळा पुन्हा सुरू झाली. मी एका वर्गानं मागं पडले होते, ते भरून काढलं. आई दरवर्षी म्हणायची, या वर्षी त्याला आणूया. पण सुट्टी मिळायची ती जत्रेपुरती, आणि आणला तर दिवसभर सांभाळणार कोण, याचं उत्तर दरवर्षी तेच होतं. ते कुलूप आई तिथं होती तोवर पाहुण्यांसाठी आणखी काही वेळा उघडलं. आईनं पुन्हा पोर मागवलं नाही.

सदा सहा वर्षांचा झाला तेव्हा मामा त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत बेंगळुरात घेऊन आला. आईनं दोन दिवसांची रजा काढली होती. सकाळपासून ती दारात उभी होती. रिक्षा थांबली, आधी मामा उतरला, मग तो. सावळा, उंच, केसांना तेल चोपडलेला. मामानं सांगितलं तसा तो पाया पडला आणि भिंतीला टेकून बसला, परक्या घरात बसतात तसा, पाय जवळ घेऊन. खोलीकडे, छताच्या पत्र्याकडे बघत राहिला. आई त्याच्यासमोर बसली होती. तिला बघणं सोडवत नव्हतं.

मामाच्या घरात सगळी पोरं माझ्या आईला जे म्हणायची, तेच तोही ऐकत वाढला होता. त्यात त्याची काही चूक नव्हती.

"आत्या," तो म्हणाला, "पाणी दे की."

मामानं मान खाली घातली. मी म्हणणार होते, अरे, ही आत्या नाही. आईनं माझा दंड घट्ट धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "लांबनं आलाय. तहान लागली असंल त्याला."

आणि उठून पाणी आणायला गेली.